दोन डेस्कटॉप प्रोसेसरांची तुलना: आधी काय जुळवायचं, मग काय मोजायचं

"हा प्रोसेसर त्याच्यापेक्षा १५ टक्के वेगवान आहे," असं सांगणारे आकडे नीट उलगडून पाहिले की बऱ्याचदा त्यात प्रोसेसरचा फरक थोडा आणि बाकीचाच जास्त निघतो. एका पीसीत रॅम ६००० च्या वेगाला चालू असते, दुसऱ्यात एक्सएमपी (रॅमला तिच्या खोक्यावरचा वेग देणारी बायोसमधली सेटिंग) लावायचंच राहिलेलं असतं. एकाच्या बोर्डाने पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने किती वीज घ्यायची ती मर्यादा, परस्पर काढून टाकलेली असते. एकावर विंडोज कालच टाकलेलं असतं, दुसऱ्यावर तीन वर्षांचा संसार साचलेला असतो. मग बेंचमार्क (वेग मोजायची चाचणी) कितीही चांगला असो, उत्तर चुकीचंच येतं.

पुढची रीत कोणत्याही दोन प्रोसेसरांना लागू पडेल, पण हवेत बोलण्यापेक्षा एक जोडी धरून चालू: एएमडी रायझन ५ ७६०० आणि इंटेल कोअर आय५-१३४००एफ. दोन्ही २०२३ च्या जानेवारीतले आणि मध्यम बजेटच्या बिल्डमध्ये एकमेकांसमोर उभे राहणारे. ७६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश आणि ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट. १३४००एफ मध्ये ६ परफॉर्मन्स कोअर आणि ४ एफिशियन्सी कोअर मिळून १० कोअर, १६ थ्रेड, २० एमबी एल३ आणि ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट. खोक्यावरचे हे आकडे आत्ताच बाजूला ठेवा. दोघांची आर्किटेक्चर (आतली रचना) वेगळी आहेत, त्यामुळे "१० कोअर म्हणजे ६ पेक्षा जास्त" किंवा "५.१ म्हणजे ४.६ पेक्षा जलद" या दोन्ही हिशोबांना अर्थ नाही.

१. प्रश्न एका ओळीत लिहून काढा

कागदावर लिहा: "माझ्या ४०६० ग्राफिक्स कार्डावर १०८० पिक्सेलला गेमिंगसाठी कोणता?" किंवा "रोज दोन तास व्हिडिओ एन्कोड करायला कोणता?" किंवा "खोक्यातल्याच कूलरवर कोणता बरा चालतो?" हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची मांडणीही वेगळी होते. शेवटच्या प्रश्नात दोघांना आपापला खोक्यातला कूलर लावणं बरोबर, पहिल्या दोन्हींत ती चूक.

प्रोसेसरची निव्वळ ताकद मोजायची आहे की तुमच्या पूर्ण पीसीवर पडणारा फरक, हेही इथेच ठरवा. नंतर आकडे पाहून प्रश्न बदलायचा नाही. एक प्रोसेसर आवडता असला की तो मोह होतोच.

२. सामान: काय सारखं ठेवता येतं, काय नाही

सॉकेट वेगळे असल्यामुळे बोर्ड वेगळे येणारच: ७६०० साठी एएम५ चा बी६५०, १३४००एफ साठी एलजीए१७०० चा बी७६०. हा एक फरक नाइलाजाचा. बाकी सगळं तेच, म्हणजे तसलंच दुसरं नव्हे, खरोखर तीच वस्तू:

- तेच ग्राफिक्स कार्ड, तीच पॉवर सप्लाय, तीच एसएसडी
- डीडीआर५ रॅमची तीच जोडी, १६ जीबीच्या दोन कांड्या
- तोच कूलर, दोन्ही सॉकेटच्या माउंटिंग किटसह
- थर्मल पेस्टची तीच ट्यूब
- तोच मॉनिटर, तोच प्लग पॉइंट

बोर्ड निवडताना दोन्ही एका दर्जाचे घ्या. बी६५० चा मधल्या किमतीचा बोर्ड आणि समोर एच६१० चा सगळ्यात स्वस्त, अशी जोडी लावली तर एच६१० चा व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) लांब चाचणीत तापून प्रोसेसरला मागे खेचू शकतो, आणि तो दोष १३४००एफ च्या नावावर जातो.

१३४००एफ डीडीआर४ वरही चालतो. "इंटेल डीडीआर४ वर, एएमडी डीडीआर५ वर" ही तुलना चूक नाही, पण ती दोन पूर्ण संचांची तुलना आहे, प्रोसेसरांची नाही. शीर्षकात तसं स्पष्ट लिहा.

इशारा: "एफ" असलेल्या इंटेलमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड न लावता मॉनिटर बोर्डाला जोडून "बोर्ड मेला" म्हणणारे कमी नाहीत. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आहे. गेमच्या चाचणीआधी केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावलीय ना, ते पाहा.

३. बसवणी

एएम५ आणि एलजीए१७०० दोन्हींत पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. प्रोसेसर तिरका टेकला तरी पिन वाकते, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. सॉकेटचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा. बोर्ड परत करताना किंवा विकताना ते लागतं.

कूलर एकावरून दुसऱ्यावर हलवताना आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवून उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसा. नवी पेस्ट दर वेळी त्याच पद्धतीने लावा. ७६०० च्या झाकणाला कडेने खाचा आहेत, तिथे जास्तीची पेस्ट जाऊन बसते. कामगिरीला फरक पडत नाही, पण नंतर साफ करताना वैताग येतो.

जुना कूलर वापरत असाल तर एक गोष्ट नक्की तपासा. एलजीए१७०० च्या बोर्डावरच्या भोकांमधलं अंतर ७८ मिमी आहे, आधीच्या ११५१ आणि १२०० सॉकेटमध्ये ते ७५ मिमी होतं. जुनं ब्रॅकेट ओढूनताणून बसवलं की दाब नीट येत नाही, तापमान चढतं आणि पुढचे सगळे आकडे बिघडतात.

रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एकच कांडी किंवा चुकीच्या दोन खाचा म्हणजे सिंगल चॅनेल, आणि गेममध्ये तो फटका मोठा बसतो.

तपासा: एएम५ बोर्ड पहिल्या बूटला रॅम ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो. स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. या वेळात घाबरून बटण दाबू नका.

४. बायोस: निम्म्या चुका इथेच होतात

दोन्ही बोर्डांवर आधी ताजं बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) टाका आणि आवृत्ती लिहून ठेवा. बी६६० सारख्या थोड्या जुन्या बोर्डाला तर १३४००एफ ओळखायलाच अपडेट लागू शकतं. मग "ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट" लोड करा आणि पुढच्या तीन गोष्टी हाताने लावा.

*रॅमचा वेग.* काहीच न केल्यास डीडीआर५ साधारण ४८०० ला चालते. खोक्यावर ६००० लिहिलंय म्हणून ती ६००० ला धावत नाही. एएमडी बोर्डावर एक्स्पो, इंटेलवर एक्सएमपी चालू करावं लागतं; दोन्हींचं काम एकच. आता वेग कोणता धरायचा? दोन प्रामाणिक पर्याय आहेत. पहिला, कंपनीने जाहीर केलेला: ७६०० ला ५२००, १३४००एफ ला ४८००. दुसरा, दोघांना एकच वेग आणि एकच टायमिंग. दुसरा निवडलात तर ५६०० हा सुरक्षित मध्यम आकडा. ६००० ला १३४००एफ काही बोर्डांवर कुरकुरतो, कारण नावात "के" नसलेल्या या प्रोसेसरांत सिस्टम एजंटचं (मेमरी कंट्रोलर ज्यात असतो त्या भागाचं) व्होल्टेज कुलूपबंद असतं. पर्याय कोणताही घ्या, पण एकाला जाहीर वेग आणि दुसऱ्याला एक्स्पो असं करू नका.

वेग तपासताना सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये २८०० दिसला म्हणून दचकू नका. डीडीआर म्हणजे दुप्पट दर, २८०० गुणिले २ म्हणजे ५६००. रायझनवर आणखी एक नजर टाका: मेमरी क्लॉक २८०० असेल तर मेमरी कंट्रोलरचा क्लॉकही २८०० हवा. तो १४०० वर दिसला तर बोर्डाने अर्ध्या गुणोत्तरावर टाकलंय आणि लेटन्सी (रॅमकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढली आहे.

*पॉवर लिमिट.* हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण एकाच प्रोसेसरच्या दोन वेगळ्या निकालांचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. दोन्ही खोक्यांवर ६५ वॅट लिहिलंय, पण अर्थ वेगळा. ७६०० ला सॉकेटची मर्यादा ८८ वॅट. तो सतत ८८ पर्यंत घेऊ शकतो, त्याच्या वर जात नाही. १३४००एफ ला दोन मर्यादा: दीर्घकाळची ६५ वॅट आणि थोड्या वेळापुरती १४८ वॅट. म्हणजे जोराचं काम सुरू झालं की आधी तो मोकळा धावतो, ठरावीक सेकंदांनी ६५ वर उतरतो आणि क्लॉकही खाली येतो. हा इंटेलच्या कागदावरचा हिशोब. बोर्ड बनवणारे मात्र ही मर्यादा पुष्कळदा मनानेच उठवतात. काही बोर्ड पहिल्या बूटला साळसूदपणे विचारतात: कूलर कोणता, खोक्यातला, टॉवर की वॉटर? "वॉटर" वर क्लिक केलं की मर्यादा ४०९६ वॅट होते, म्हणजे मर्यादाच नाही.

म्हणून इंटेल बोर्डावर "लाँग ड्युरेशन" ला ६५ आणि "शॉर्ट ड्युरेशन" ला १४८ हाताने टाका. रायझनवर पीबीओ (मर्यादा वाढवणारी सेटिंग) बंद, इको मोड (मर्यादा घटवणारी) बंद. मर्यादा उठवून काय होतं ते पाहायचं असेल तर तो वेगळा संच, वेगळ्या रकान्यात. उलट एकाला मोकळं सोडून दुसऱ्याला बांधून ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी होते.

*रिसायझेबल बार.* प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी ही सेटिंग दोन्हीकडे चालू. एका बोर्डावर ते आपोआप चालू असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि गेममधला काही टक्क्यांचा फरक प्रोसेसरच्या खात्यावर चढतो.

तपासा: विंडोज सुरू झालं की एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वीज दाखवणारा प्रोग्राम) उघडून सिनेबेंच (चित्र रेंडर करून प्रोसेसर मोजणारा बेंचमार्क) १० मिनिटं चालवा आणि "सीपीयू पॅकेज पॉवर" बघत राहा. १३४००एफ चा आकडा सुरुवातीला ६५ च्या वर जाऊन मग ६५ ला स्थिर व्हायला हवा. १० मिनिटांनीही तो वरच राहिला तर बायोसमधली लिमिट लागलेलीच नाही. ७६०० ने ८८ ओलांडले तर पीबीओ कुठेतरी चालू आहे.

५. विंडोज

एसएसडी एका पीसीतून काढून दुसऱ्यात लावली तर विंडोज बहुतेक वेळा सुरू होतं, म्हणून लोक तसंच चालवतात. तसं करू नका. चिपसेटचे जुने ड्रायव्हर आणि पॉवर सेटिंग मागे राहतात. प्रत्येक प्रोसेसरसाठी विंडोज ११ नव्याने टाका, दोन्हीकडे एकाच पेन ड्राइव्हवरून, एकाच बिल्डपर्यंत अपडेट करून.

बिल्ड सारखा हवा म्हणतो त्याला कारण आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ११ ला आलेल्या बदलाने रायझनचं ब्रँच प्रेडिक्शन (पुढे कोणती सूचना येईल याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज) सुधारलं आणि काही गेममध्ये वेग वाढला. त्याआधीचा रायझनचा आकडा आणि आत्ताचा इंटेलचा आकडा शेजारी मांडणं म्हणजे दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पेपरचे मार्क जुळवणं. विंडोज १० वर तर १३४००एफ ची चाचणी घेऊच नका. कोणतं काम कोणत्या प्रकारच्या कोअरला द्यायचं हे नीट ठरवणारी यंत्रणा ११ मध्ये आहे.

इशारा: नव्या विंडोज ११ मध्ये ड्राइव्हचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं. एसएसडी दुसऱ्या पीसीत लावण्याआधी तिची रिकव्हरी की हाताशी आहे ना आणि पुसण्याआधी डेटाची प्रत काढलीय ना, ते पाहा. चाचणीच्या इन्स्टॉलवर एन्क्रिप्शन दोन्हीकडे सारखंच ठेवा.

मग क्रमाने: चिपसेट ड्रायव्हर, ग्राफिक्स ड्रायव्हर (दोन्हीकडे तीच आवृत्ती), पॉवर प्लॅन "बॅलन्स्ड", आणि "कोअर आयसोलेशन" मधली मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सेटिंग) दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद. ही शेवटची सेटिंग गेमचे फ्रेम कमी करते, आणि एका बोर्डावर चालू व दुसऱ्यावर बंद आलेली सर्रास सापडते. सगळे अपडेट झाल्यावर गेम आणि स्टीमचे ऑटो-अपडेट थांबवा. पीसी अर्धा तास तसाच सोडा, म्हणजे इंडेक्सिंग उरकेल. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू एक-दोन टक्क्यांवर स्थिरावला की पुढे जा.

६. कामाच्या चाचण्या

सिनेबेंच, ब्लेंडर बेंचमार्क, ७-झिप चा आतलाच बेंचमार्क आणि हँडब्रेकने एका ठरावीक फाइलचं एन्कोडिंग, एवढं पुरे. आवृत्त्या लिहून ठेवा. सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ चे गुण एकमेकांशी जुळवता येत नाहीत, त्यांची मोजपट्टीच वेगळी.

सिनेबेंचची एकच फेरी घेऊन थांबू नका. वर सांगितलेल्या दोन मर्यादांमुळे छोट्या फेरीत १३४००एफ आपल्या मोकळ्या काळातच बरंचसं काम उरकतो आणि गुण फुगलेले दिसतात. रोज तासभर रेंडर करणाऱ्याला तो वेग कधीच मिळणार नाही. १० मिनिटांची फेरी हीच खरी. ७६०० च्या छोट्या आणि लांब फेरीत तुलनेने फार फरक पडत नाही, आणि तसा पडलाच तर कूलर नीट बसलाय का ते पाहा.

आणखी एक खोड. हँडब्रेक किंवा ब्लेंडरची विंडो मिनिमाइझ केली की विंडोज ते काम "मागचं" समजतं आणि १३४००एफ वर ते एफिशियन्सी कोअरकडे ढकललं जाऊ शकतं. वेळ एकदम वाढतो आणि कारण कळत नाही. चाचणी चालू असताना विंडो समोरच राहू द्या, ब्राउझर उघडू नका. माउसलाही हात नको.

वाय-क्रंचरसारखे गणिती बेंचमार्क वापरत असाल तर लक्षात ठेवा: ७६०० मध्ये एव्हीएक्स-५१२ (जड गणितासाठीच्या खास सूचनांचा संच) आहे, १३४००एफ मध्ये नाही. तिथली आघाडी खरी आहे, पण तुमचं रोजचं सॉफ्टवेअर ते वापरत नसेल तर तुमच्या उपयोगाची नाही.

प्रत्येक चाचणी तीनदा, मधे दोन मिनिटांची विश्रांती, आणि तिन्हींतला मधला आकडा घ्या. तीन फेऱ्यांत २ टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर काहीतरी मागे चालू आहे, ते शोधा.

७. गेम

४के अल्ट्रावर चाचणी घेतली की बहुतेक गेममध्ये दोन्ही प्रोसेसर सारखेच दिसतात, कारण तिथे अडतं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर मोजायचा तर १०८० पिक्सेल, सेटिंग मध्यम, अपस्केलिंग (लहान चित्र काढून मोठं करणं) हवं तर "परफॉर्मन्स" वर, आणि कार्डाचा वापर ९० टक्क्यांच्या खाली राहतोय ना यावर लक्ष. तो ९७-९९ वर चिकटला असेल तर तुम्ही प्रोसेसर नाही, कार्ड मोजताय.

पण सेटिंग अगदी तळाला नेऊ नका. गर्दी, सावल्या, दृश्याचं अंतर आणि रे ट्रेसिंग यांचा भार प्रोसेसरवरही असतो. ते सगळं बंद केलं की तुम्ही प्रोसेसरचंच काम कमी करता.

व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणं), फ्रेम कॅप (फ्रेमवरची मर्यादा) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कृत्रिमपणे भरणं) बंद. फ्रेम मोजायला कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन. दोन-दोन ओव्हरले एकाच वेळी नको. गेम पहिल्यांदा सुरू केला की शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात आणि फ्रेम अडखळतात, म्हणून पहिली फेरी नेहमी टाकून द्या. मग एक ठरावीक सेव्ह, एक ठरावीक वाट, ६० सेकंद, तीन फेऱ्या. जागा गर्दीची निवडा. रिकाम्या मैदानात कोणताही प्रोसेसर पळतो, कस लागतो तो बाजारपेठेच्या चौकात.

सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) सोबत "१ टक्का लो", म्हणजे सगळ्यात संथ फ्रेमचा आकडा, लिहा, पण कोणत्या पद्धतीने काढला तेही लिहा. काही साधनं सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमची सरासरी देतात, काही ९९ व्या पर्सेंटाइलचा आकडा (ज्याहून संथ फक्त १ टक्का फ्रेम असतात). दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले की प्रोसेसर उगीच बदनाम होतो. "०.१ टक्का लो" च्या नादी फार लागू नका. १०० एफपीएसच्या ६० सेकंदांत ६००० फ्रेम, त्याचा ०.१ टक्का म्हणजे जेमतेम ६ फ्रेम. एखादं नोटिफिकेशन आलं तरी तो आकडा कोसळतो.

शेवटी एक फेरी तुमच्या रोजच्या सेटिंगवर, तुमच्याच कार्डावर. पहिला आकडा प्रोसेसरची ताकद सांगतो, हा आकडा तुम्हाला पैसे टाकून काय मिळेल ते सांगतो. दोन्ही वेगळे ठेवा.

८. तापमान आणि वीज

खोलीचं तापमान दर फेरीला लिहा. चंद्रपूरच्या मे महिन्यात घेतलेला आकडा आणि नाशिकच्या डिसेंबरातला आकडा शेजारी ठेवता येत नाही. "८४ अंश" असं लिहिण्याऐवजी "खोलीपेक्षा ५१ अंश जास्त" असं लिहा. दोन्ही प्रोसेसरांची फेरी शक्यतो एकाच वेळी, म्हणजे दोन्ही सकाळी किंवा दोन्ही रात्री. मर्यादाही वेगळ्या आहेत: ७६०० ची ९५ अंश, १३४००एफ ची १००. त्यामुळे नुसतं "हा जास्त तापतो" म्हणणं अपुरं.

वीज दोन ठिकाणी मोजा. सॉफ्टवेअरमधली पॅकेज पॉवर फक्त प्रोसेसरची. भिंतीच्या प्लगला लावायचा मीटर पूर्ण पीसीची. फक्त कमाल वॅट पाहू नका, कामाला लागलेली एकूण वीज काढा. समजा एक पीसी १५० वॅट घेऊन ४८० सेकंदांत एन्कोड संपवतो, तर १५० गुणिले ४८० भागिले ३६००, म्हणजे २० वॅट-तास. दुसरा १९० वॅट घेऊन ४०० सेकंदांत, म्हणजे सुमारे २१ वॅट-तास. मीटरवर ४० वॅटची दरी दिसली तरी त्या कामाचं बिल जवळपास सारखंच. गेमचं तसं नाही. तिथे काम "संपत" नाही, तुम्ही ठरवलेला वेळ खेळता. ४० वॅटचा फरक, रोज ५ तास, ३० दिवस: महिन्याला ६ युनिट.

९. आकडे मांडताना

टक्केवारी कशावरून काढली ते ठरवा. ५०० सेकंदांचं काम ४०० सेकंदांत झालं, तर वेळ २० टक्के वाचला, पण वेग २५ टक्के वाढला. दोन्ही खरं आहे. एका प्रोसेसरसाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरं वापरलं की लबाडी होते.

सगळ्या गेमच्या एफपीएसची साधी सरासरी काढू नका. समजा "अ" ला तीन गेममध्ये ४००, १०० आणि ८० मिळाले, "ब" ला ३४०, १०५ आणि ८४. साधी सरासरी १९३ आणि १७६, म्हणजे "अ" जवळजवळ १० टक्के पुढे. पण तीनपैकी दोन गेममध्ये "ब" पुढे आहे! ४०० चा एकच गेम सगळ्यांना गिळून बसलाय. प्रत्येक गेमचं गुणोत्तर काढा (१.१८, ०.९५, ०.९५), त्यांचा गुणाकार करून घनमूळ घ्या: सुमारे १.०२. खरा फरक २ टक्के, म्हणजे बरोबरीच. चार गेम असतील तर चौथं मूळ, दहा असतील तर दहावं. स्प्रेडशीटमध्ये त्याला भौमितिक मध्य काढायचं तयार सूत्र असतं.

३ टक्क्यांच्या आतला फरक "सारखेच" म्हणून लिहा. त्यावरून विजेता ठरवायचाच असेल तर पहिला प्रोसेसर परत लावून दोन चाचण्या पुन्हा घ्या. पहिल्या वेळचेच आकडे आले तर फरक प्रोसेसरचा. ते सरकले तर फरक तुमच्या मांडणीचा, आणि चौथ्या टप्प्यापासून पुन्हा तपासायला घ्या.

किंमत लावताना प्रोसेसरची एकट्याची लावू नका: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, आणि लागत असेल तर कूलर, सगळं एकाच दिवशी एकाच दुकानातून विचारून. ज्याला कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचंय त्याला १३४००एफ सोबत तोवर स्क्रीन चालवायला जुनं का होईना एक कार्ड शोधावं लागेल, त्याचे पैसेही याच बेरजेत धरा.